मोडक्या हाडाचें मोल

मोटार-अपघाताची बातमी वर्तमानपत्रांत बहुधा दोन ओळींची असते. एक ठार, तीन जखमी. जो ठार झाला त्याचें नांव, गांव आणि वय एवढें तरी छापलें जातें; ‘तीन जखमी’ हे शब्द वाचून आपण पान उलटतों. त्या तिघांपैकीं एकाच्या मांडीचें हाड मोडलेलें असतें, दुसऱ्याचा खांदा निखळलेला असतो, आणि तिसऱ्याच्या पाठीच्या कण्याला असा मार बसलेला असतो कीं, तो पुन्हां स्वतःच्या पायांवर उभा राहील कीं नाहीं हें डॉक्टरांनाही सांगतां येत नाहीं. बातमी तेथें संपते. त्यांची हकीकत तेथून सुरू होते. २०२३ सालीं भारतांतील रस्त्यांवर सुमारें १ लक्ष ७३ हजार माणसें मृत्युमुखीं पडलीं आणि ४ लक्ष ६२ हजारांहून अधिक जखमी झालीं, असें सरकारी मोजदाद सांगते. या जखमी माणसांनीं न्यायाच्या दारांत जाऊन दाद मागितली, तेव्हां मोडलेल्या हाडाचें मोल न्यायानें आजवर कसकसें ठरविलें, हा इतिहास आज श्रोत्यांपुढें थोडक्यांत मांडण्याचा माझा विचार आहे.

मोटार नवी आहे, पण हा प्रश्न फार जुना आहे. ख्रिस्तपूर्व पांचव्या शतकांत रोमन लोकांनीं आपले कायदे बारा फलकांवर कोरून ठेविले. त्यांत स्वतंत्र नागरिकाचें हाड मोडल्यास ३०० आस, आणि गुलामाचें मोडल्यास १५० आस भरावे असें एक कलम होतें. आस म्हणजे त्या काळचें कांशाचें चलन. पुढें इ. स. ६०० च्या सुमारास इंग्लंडांतील केंट प्रांताचा राजा एथेलबर्ट यानें तर माणसाच्या अंगाचें दरपत्रकच काढलें. बरगडी मोडली तर ३ शिलिंग, गळ्याजवळची हांसळी मोडली तर ६ शिलिंग, मांडीचें हाड मोडलें तर १२ शिलिंग. बाजारांतल्या जिनसांसारखा हा हिशेब वाचून हंसूं येतें. परंतु त्या दरपत्रकांतच एक विलक्षण वाक्य आहे. मांडी मोडून माणूस कायमचा लंगडा झाला, तर काय द्यावें हें त्याच्या मित्रमंडळींनीं बसून ठरवावें, असा त्याचा आशय आहे. म्हणजे हाडाची किंमत राजाला सांगतां आली. लंगडेपणाची सांगतां आली नाहीं. हाड एकसारखें असतें, पण लंगडेपण ज्याचें त्याचें वेगळें असतें, हें त्या राजालाही उमगलें असावें. श्रोत्यांनीं हें वाक्य ध्यानांत ठेवावें, कारण पुढील चौदाशें वर्षांचा इतिहास त्याच्याच भोंवतीं फिरतो.

आपल्याकडील धर्मशास्त्रकारांनींही या प्रश्नाला हात घातला होता. मनु आणि याज्ञवल्क्य या दोघांच्या स्मृतींत ‘समुत्थानव्यय’ ही कल्पना आढळते. समुत्थान म्हणजे पुन्हां उठणें. ज्यानें दुसऱ्याला जखमी केलें, त्यानें राजाला दंड तर भरावाच, पण जखमी माणूस बरा होऊन उठेपर्यंत जो खर्च लागेल तोही द्यावा, असा हा नियम आहे. कल्याणीच्या चालुक्यांच्या काळीं विज्ञानेश्वरानें मिताक्षरा लिहिली, तींत या खर्चांत औषध आणि पथ्य हीं दोन्ही धरलीं आहेत.

मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायांत तर वाहनाच्या अपघाताचाच विचार आहे. बैलाची वेसण तुटली, जूं मोडलें, आंस किंवा चाक मोडलें, किंवा हांकणारा ‘बाजूला व्हा’ म्हणून ओरडत असतांही अपघात झाला, अशा दहा प्रसंगीं दोष लागत नाहीं. परंतु सारथी अडाणी असल्यामुळें गाडी भलतीकडे गेली आणि कोणास इजा झाली, तर दंड मालकाला, २०० पण. सारथी कुशल असूनही त्यानें चूक केली, तर दंड सारथ्याला. अडाणी माणसाच्या हातीं गाडी देणारा मालक जबाबदार असतो, हें तत्त्व आजच्या मोटारीच्या कायद्यांतही ओळखूं येतें. अर्थात् या जुन्या ग्रंथांची स्तुति करतांना त्यांतील दंड वर्ण पाहून कमीअधिक होत असे, हें विसरतां कामा नये. रोमन नागरिक आणि गुलाम यांच्या हाडांत जो भेद होता, तसा भेद आमच्याकडेही होता.

एकोणिसाव्या शतकांत आगगाडी आली आणि अपघाताचें स्वरूप पालटलें. गाड्यांची टक्कर झाल्यावर कांहीं उतारू वरकरणीं धडधाकट घरीं जात. हाड मोडलेलें नसे, रक्त आलेलें नसे. मात्र कांहीं दिवसांनीं त्यांच्या पाठींत कळा येत, पायांना मुंग्या येत, झोंप उडे. १८६६ सालीं लंडनचे शस्त्रवैद्य जॉन एरिक एरिकसेन यांनीं या दुखण्यावर पुस्तक लिहिलें, आणि कण्याला बसलेल्या हादऱ्यामुळें हें घडतें असें प्रतिपादन केलें. ‘रेल्वेचा कणा’ या नांवानें हें दुखणें प्रसिद्ध झालें आणि जखमींचे वकील एरिकसेन यांचें पुस्तक घेऊन न्यायालयांत उभे राहूं लागले. १८८३ सालीं हर्बर्ट पेज यांनीं त्यास उत्तर लिहिलें. पुष्कळशा रोग्यांत बिघाड कण्याचा नसून भीतीनें मनावर झालेल्या आघाताचा आहे, असें त्यांचें म्हणणें. पेज हे एका मोठ्या रेल्वे कंपनीचे शस्त्रवैद्य होते, हेंही येथें नमूद केलें पाहिजे. वेदना कोणाला दिसत नाहीं. मग ती खरी कीं सोंग, हें ठरवावें कोणीं? एका बाजूस खरोखर पंगु झालेला गरीब माणूस, दुसऱ्या बाजूस पैशाच्या आशेनें कण्हणारा लबाड, आणि दोघांकडे सारख्याच संशयानें पाहणारी कंपनी. हा देखावा अजूनही न्यायालयांत पाहावयास मिळतो.

१८९५ च्या अखेरीस राँटजेन यांनीं क्ष-किरणांचा शोध लावला, आणि मोडलेलें हाड न्यायाधीशाच्या डोळ्यांना दिसूं लागलें. पुढच्याच वर्षीं अमेरिकेंतील डेन्व्हरच्या न्यायालयानें मांडीच्या हाडाचें असें चित्र पुराव्यांत दाखल करून घेतलें. हाडाचा प्रश्न त्यामुळें सोपा झाला. कण्याचा झाला नाहीं. कारण क्ष-किरणांनीं मणके दिसतात, पण मणक्यांतून जाणारी मज्जारज्जू आणि तिच्या वेदना दिसत नाहींत.

आतां आपल्या देशाकडे वळूं. १८६० च्या दंडसंहितेंत ‘जबर दुखापती’चे आठ प्रकार सांगितले होते. त्यांपैकीं सातवा प्रकार म्हणजे हाड किंवा दांत मोडणें अथवा निखळणें. आठव्या प्रकारांत, ज्या दुखापतीमुळें माणसाला २० दिवस आपला नेहमींचा व्यवसाय करतां येत नाहीं, तिचाही समावेश होता. १ जुलै २०२४ पासून या संहितेची जागा भारतीय न्यायसंहितेनें घेतली. तिनें हाड तसेंच ठेविलें आणि २० दिवसांचे १५ केले. पण हा झाला गुन्हेगाराला शिक्षा देण्याचा कायदा. गुन्हेगार तुरुंगांत गेल्यानें जखमीच्या घरांतील चूल पेटत नाहीं.

त्या चुलीची पहिली स्पष्ट जाणीव आमच्या कायद्याला रस्त्यावर झाली नाहीं, कारखान्यांत झाली. १९२३ च्या कामगार नुकसानभरपाईच्या कायद्याला एक यादी जोडलेली होती. उजवा हात कोपरांतून गेला तर कमाईची शक्ति ७० टक्क्यांनीं गेली असें समजावें, डावा गेला तर ६०. पाय गुडघ्यांतून गेला तर ६०, गुडघ्याखालीं गेला तर ५०. आंगठा गेला तर २५. केंटच्या राजाचेंच हें दरपत्रक, परंतु मोठ्या फरकानें. येथें अवयवाला शिलिंग चिकटविले नव्हते. त्या अवयवाच्या अभावीं माणसाची कमाई किती बुडेल याचा अंदाज होता. तरीही ही यादी तुटलेल्या अवयवांचीच होती. कण्याला तींत जागा नव्हती. ज्याचे हातपाय शाबूत आहेत, पण कमरेखालीं जीव उरलेला नाहीं, त्याला यादीबाहेर जाऊन आपलें नुकसान सिद्ध करावें लागे.

मुंबईंत १५ जुलै १९२६ रोजीं पहिली बस धांवली, तोंवर खाजगी मोटारी आणि टॅक्सी तेथें चांगल्याच रुळल्या होत्या. १९१४ चा मोटारीचा कायदा अस्तित्वांत होता, पण त्याचें लक्ष नोंदणीवर आणि परवान्यांवर. ज्याच्या अंगावरून मोटार गेली त्यानें काय करावें? त्यानें दिवाणी न्यायालयांत दावा लावावा, मागणीच्या मानानें स्टँप भरावा, हांकणाऱ्याची हयगय साक्षीदारांनिशीं सिद्ध करावी आणि वर्षेंच्या वर्षें वाट पाहावी. इतकें करून हुकूमनामा मिळालाच, तर मोटारीचा मालक कफल्लक निघावयाचा! खाटेवर खिळलेल्या माणसाला दिवाणी दावा लढण्याचा सल्ला देणें म्हणजे लंगड्याला डोंगर चढून औषधी आणावयास सांगण्यासारखेंच होतें.

ही कोंडी तीन टप्प्यांनीं फुटली. पहिला टप्पा विम्याचा. इंग्लंडांत १९३० च्या कायद्यानें मोटार-मालकांवर विम्याची सक्ति झाली. आपल्याकडे १९३९ च्या मोटार-वाहन कायद्यांत तसें प्रकरण घालण्यांत आलें, पण तें अंमलांत यावयास १ जुलै १९४६ उजाडला. हा विमा मालकाच्या स्वतःच्या मोटारीचा नव्हे; मोटारीखालीं सांपडणाऱ्या त्रयस्थाचा होय. मालक कफल्लक असला तरी विमा कंपनीनें हुकूमनाम्याची रक्कम द्यावी, ही त्यांतील योजना. पैसे कोण देणार, या प्रश्नाला प्रथमच भरंवशाचें उत्तर मिळालें.

दुसरा टप्पा दाद मागण्याच्या जागेचा. १९५६ च्या दुरुस्तीनें राज्य सरकारांना मोटार-अपघातांसाठीं स्वतंत्र न्यायाधिकरणें स्थापण्याचा अधिकार मिळाला. दिवाणी दाव्याचा सारा पसारा न मांडतां थोडक्यांत चौकशी करून निवाडा द्यावा, हा त्यांचा हेतु. अर्जाच्या मुदतीचा इतिहास मात्र चमत्कारिक आहे. प्रथम ती ६० दिवसांची होती. १९६९ च्या दुरुस्तीनें सहा महिन्यांची झाली. १९८८ च्या नव्या कायद्यांतही सहा महिनेच राहिली. १९९४ सालीं ती अजीबात काढून टाकण्यांत आली. २०१९ च्या दुरुस्तीनें सहा महिन्यांची मर्यादा पुन्हां आणली आणि ती १ एप्रिल २०२२ पासून लागू झाली. ज्याची मांडी सळई घालून जोडली आहे आणि जो अजून कुबडीवर आहे, त्याच्या दृष्टीनें सहा महिने कसे जातात, हें ज्याच्या घरीं असा रुग्ण आहे त्यालाच विचारावें.

तिसरा टप्पा चुकीच्या पुराव्याचा. हांकणाऱ्याची हयगय सिद्ध झालीच पाहिजे काय? मुंबईंतील एका अपघाताच्या प्रकरणांत मुंबईच्या उच्च न्यायालयानें तशी गरज नाहीं असें म्हटलें होतें. १९७७ सालीं सर्वोच्च न्यायालयानें तें अमान्य केलें आणि हयगय सिद्ध करणें अवश्य आहे असा निर्णय दिला. कायद्याच्या दृष्टीनें तो बरोबर असेल, पण लोकांच्या मनाला तो बोंचला. १९८२ सालीं संसदेनें कायद्यांत नवें प्रकरण घालून, चूक कोणाचीही असो, मृत्यूबद्दल १५,००० आणि कायमच्या अपंगत्वाबद्दल ७,५०० रुपये द्यावे असें ठरविलें. त्या प्रकरणांत कायमच्या अपंगत्वाची व्याख्या करतांना अवयवाबरोबर ‘सांधा’ हा शब्दही आला. पाय तुटलेला नाहीं, पण गुडघा वाकत नाहीं, अशा माणसालाही त्या प्रकरणानें नांवानिशीं ओळखलें. १ एप्रिल २०२२ पासून ही विनाचूक भरपाई मृत्यूबद्दल ५ लक्ष आणि जबर दुखापतीबद्दल अडीच लक्ष रुपये अशी आहे. ज्याला याहून अधिक मागावयाचें असेल, त्यानें हा मार्ग सोडून चूक सिद्ध करण्याचा जुना मार्ग धरावा लागतो.

पैसे कोणी द्यावे, कोठें मागावे आणि काय सिद्ध करावें, एवढें ठरलें. राहिला केंटच्या राजाचा प्रश्न: किती? १९९५ सालीं सर्वोच्च न्यायालयापुढें मुंबईच्या एका वकिलांचें प्रकरण आलें. मोटार-अपघातांत कण्याला इजा होऊन त्यांचें कमरेखालचें अंग लुळें पडलें होतें. न्यायालयानें नुकसानीचे दोन भाग सांगितले. एक पैशांत मोजतां येणारा: औषधपाणी, बुडालेली कमाई, सेवेला ठेवलेला माणूस. दुसरा पैशांत न मोजतां येणारा: वेदना, हिंडण्याफिरण्याचा गेलेला आनंद, खुंटलेलें आयुष्य. दुसऱ्या भागाची किंमत ठरवितांना कांहीं अंदाज, कांहीं सहानुभूति लागणारच, हें न्यायालयानें मोकळेपणानें मान्य केलें.

याहून महत्त्वाचा निर्णय २०१० च्या सुमारास एका अगदीं सामान्य माणसाच्या प्रकरणांत झाला. तो २०११ च्या निवाडा-संग्रहांत छापला आहे. पनीर विकून पोट भरणारा पंचवीस वर्षांचा हा तरुण १९९१ सालीं अपघातांत सांपडला. डाव्या पायाचीं दोन्ही हाडें आणि डाव्या हाताचें एक हाड मोडलें. डाव्या पायाला ४५ टक्के अपंगत्व आलें आहे, असा दाखला डॉक्टरांनीं दिला. या ४५ टक्क्यांचें करावयाचें काय? सर्वोच्च न्यायालयानें सांगितलें कीं, एका पायाचें अपंगत्व म्हणजे सबंध शरीराचें अपंगत्व नव्हे. आणि सबंध शरीराचें अपंगत्व म्हणजे कमाईचें नुकसान नव्हे. पायरीपायरीनें विचार करावा. हा माणूस पूर्वीं काय काम करीत होता, आतां काय करूं शकतो, काय करूं शकत नाहीं, दुसरें कोणतें काम त्याला जमेल, हें पाहावें. डावा हात गेला तर सुताराचा किंवा मोटार हांकणाऱ्याचा धंदाच बुडेल. कारकुनाची नोकरी कदाचित् टिकेल. त्या तरुणाचें कमाईचें नुकसान न्यायालयानें २० टक्के धरलें.

पंचेचाळिसाचे वीस झाले म्हणून वरवर पाहतां हा निर्णय जखमीच्या विरुद्ध वाटेल. पण तसें नाहीं. याच न्यायानें एखाद्या हमालाच्या मणक्याचे दाखल्यावरील २० टक्के कमाईच्या हिशेबांत १०० होऊं शकतात. बसून काम करणाऱ्या माणसाला जें अपंगत्व सोसवतें, तें ओझें वाहणाऱ्याला उपाशी मारतें. चौदाशें वर्षांपूर्वीं जें मित्रमंडळींवर सोंपविलें होतें, तें आतां न्यायाधीशानें विचारावयाचें आहे: हाड किती मोडलें हें नव्हे, तर कोणाचें मोडलें आणि त्याचें काय थांबलें.

आणि म्हणूनच येथें वकिलाची खरी गरज लागते. दाखला आपोआप बोलत नाहीं. ज्या डॉक्टरानें उपचार केले किंवा रुग्णाला तपासलें, त्यानें साक्षीला येऊन त्या टक्क्यांचा अर्थ सांगावा लागतो. जखमी माणूस काय काम करीत होता याचा पुरावा आणावा लागतो. आणि आपल्या देशांत भाजीवाली, गवंडी, शिवणकाम करणारी बाई यांच्याजवळ कमाईचा कागद नसतो. हा पुरावा उभा करण्यासाठीं वकिलाला पैसे कोठून द्यावे? ‘मिळेल त्यांतला हिस्सा द्या’ असा सौदा पुष्कळांना सोयीचा वाटतो. आपल्याकडे तो वकिलांना निषिद्ध आहे. मुंबईकडील एका वकिलानें वसुलीचा अर्धा भाग फी म्हणून लिहून घेतला, तेव्हां १९५४ सालीं सर्वोच्च न्यायालयानें तें व्यवसायाला न शोभणारें वर्तन ठरविलें. जखमीच्या हाडांत वकिलाची भागी असूं नये, ही भावना योग्यच आहे; पण मग गरिबाचा वकील कोण?

या प्रश्नाच्या उत्तराचा शोध मुंबईंत लवकर सुरू झाला होता. १९२४ सालीं तेथें गरिबांना कायद्याची मदत देणारी संस्था निघाली. १९४९ सालीं मुंबई सरकारनें न्यायमूर्ति एन्. एच्. भगवती यांच्या अध्यक्षतेखालीं याच विषयावर समिति नेमली. १९७६ सालीं मोफत कायदेशीर मदतीचें तत्त्व राज्यघटनेंत आलें, आणि १९८७ चा विधिसेवा-प्राधिकरणांचा कायदा ९ नोव्हेंबर १९९५ पासून अंमलांत आला. त्या कायद्याप्रमाणें स्त्रिया, मुलें आणि अपंग व्यक्ति यांना जिल्ह्याच्या ठिकाणीं सरकारी खर्चानें वकील मिळूं शकतो. अपघातानें जो पंगु झाला तो या यादींत येतो, हें कितीजणांना ठाऊक आहे?

१९८२ च्या मार्च महिन्यांत गुजरातेंतील ऊना येथें पहिली लोकअदालत भरली, आणि पुढें मोटार-अपघातांचीं असंख्य प्रकरणें अशा अदालतींतून तडजोडीनें मिटूं लागलीं. ही सोय मोठी आहे. परंतु लोकअदालतीच्या निवाड्यावर अपील नाहीं. हाड जुळण्यापूर्वीं, सांधा कितपत वळेल हें कळण्यापूर्वीं, कर्जाच्या तगाद्यानें घाबरून जो सही करतो, त्याला पुढें चालतां येईना झालें तरी ती सही परत घेतां येत नाहीं. म्हणून अशा घरांतील सुशिक्षित माणसानें एक काम अवश्य करावें. इस्पितळाचे कागद, क्ष-किरणांचीं चित्रें, औषधांच्या पावत्या, पोलिसांच्या खबरेची नक्कल, एकूणएक जपून ठेवावी. मुदतींत अर्ज करावा. आणि उपचार पुरे होऊन काय उरलें हें डॉक्टरांनीं सांगेपर्यंत तडजोडीची घाई करूं नये.

रोमच्या फलकांवर हाडाला भाव होता, माणसाला त्याच्या दर्जाप्रमाणें. आज कायदा निदान म्हणतो कीं, प्रत्येकाचें हाड सारखें आणि प्रत्येकाचें दुःख निराळें. हें वाक्य प्रत्यक्षांत उतरावयाचें तर त्या निराळ्या दुःखाची हकीकत न्यायाधीशाच्या कानीं नीट गेली पाहिजे. समुत्थान या जुन्या शब्दाचा अर्थ पुन्हां उठणें असा आहे; तो खर्च देण्याचें ऋण समाजानें फार पूर्वींच मान्य केलें आहे. उद्यां वर्तमानपत्रांत ‘एक ठार, तीन जखमी’ अशी ओळ दिसली, तर मेलेल्यासाठीं आपण हळहळतोंच. त्या तिघांसाठींही क्षणभर थांबावें. त्यांपैकीं एखादा आपल्याच आळींत राहात असेल, आणि त्याच्या उशाशीं पडलेले कागद वाचून दाखविणारें कोणी त्याला हवें असेल.